‘चुलीवरची अस्सल गावरान झणझणीत मिसळ’ : विशेषणांचं परीक्षण, ताटासकट

पाटीवर पाच शब्द आहेत. त्यातला खाण्याचा एकच, मिसळ. बाकीची चार विशेषणं आहेत आणि बिलात त्यांचेही पैसे लागतात. साधी मिसळ आणि ‘चुलीवरची’ मिसळ यांच्या दरात जो फरक असतो तो मटकीचा किंवा फरसाणाचा नसतो. तेव्हा परीक्षण करायचं तर या विशेषणांचंच करावं. माल म्हणून ती घेण्यासारखी आहेत का, टिकतात किती, आणि भेसळ कुठे होते?

कसोटी एकच ठेवली आहे. शब्द वाचल्यावर मुदपाकखान्यात काय वेगळं घडलं ते कळायला हवं, आणि टेबलावर बसून ते ताडूनही बघता यायला हवं. यात बसतो तो शब्द पास. ‘लज्जतदार’, ‘रुचकर’, ‘चविष्ट’, ‘चमचमीत’ ही जुन्या मासिकांतली मंडळी पहिल्याच फेरीत गारद होतात. ‘यम्मी’ आणि ‘फ्लेवर बॉम्ब’ तर दारातूनच परत. नव्याजुन्याचा किंवा इंग्रजी-मराठीचा इथे प्रश्न नाही. ‘चमचमीत’ अस्सल मराठी असूनही त्यातून पदार्थाबद्दल काडीचंही कळत नाही.

आता ‘चुलीवरची’. हा शब्द सध्या सगळ्यात महाग विकला जातो.

चुलीमुळे पदार्थात फरक पडू शकतो, पण तो कुठल्या वाटेनं पडतो हे बघावं लागतं. पहिली वाट धुराची. लाकडातलं लिग्निन जळताना ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशी संयुगं धुरात येतात, आणि आपण ज्याला धुरकट वास म्हणतो तो बराचसा त्यांचा. ही संयुगं पदार्थावर बसायला पदार्थ उघडा हवा आणि धूर त्याच्यापर्यंत पोचायला हवा. निखाऱ्यात भाजलेलं वांगं, विस्तवावर धरलेली सुक्या खोबऱ्याची वाटी, राखेत खुपसलेला अख्खा कांदा, इथे चूल खरोखर चवीला येते. मिसळीचा कट, म्हणजे तिखट रस्सा, मात्र वीस-पंचवीस लिटरच्या पातेल्यात झाकण ठेवून उकळत असतो. जाळ बुडाला लागतो आणि धूर पातेल्याच्या कडेनं वर निघून जातो. झाकण काढून ठेवलं तर तेलाच्या तवंगात थोडा वास धरतो, कारण ही संयुगं तेलात चांगली मुरतात. पण तो इतका पुसट की कांदा-लसूण मसाल्यापुढे ओळखू येणं कठीण. म्हणजे चुलीवर उकळलेल्या कटापेक्षा चुलीत भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा, पण गॅसवर उकळलेला कट जास्त ‘चुलीवरचा’ लागेल. पाटी लिहिणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

दुसरी वाट आचेची. लाकडाची आच पटकन कमीजास्त होत नाही. जाळ ओढून निखाऱ्यांवर ठेवलेलं मटण दीड-दोन तास मंद शिजतं, त्यातल्या चिवट पडद्यांचं जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो. हे खरंच चांगलं लागतं, पण त्याचं श्रेय मंद आचेला आणि वेळेला आहे. जाड बुडाच्या पातेल्यात, गॅसच्या लहान शेगडीवर तेच साधतं. उलट चुलीवर ढवळायला माणूस नसेल तर मधोमध बूड लागतं. करपल्याचा तो कडवट वास ‘स्मोकी’ म्हणून खपवला जातो आणि चित्रफीत काढणारा मान डोलावतो. ओला लाकूडफाटा घातला तर धूर उग्र होतो आणि घशाला लागतो. रंगवलेल्या फळ्या किंवा प्लायवूडचे तुकडे चुलीत दिसले तर तिथून उठावं हे बरं. वाळलेली बाभूळ असेल तर जाळ कडक आणि धूर कमी. म्हणजे ‘धुराची चव’ विकणाऱ्याला ती गैरसोयीचीच.

भाकरीच्या बाबतीत मात्र ‘चुलीवरची’ हा शब्द पूर्ण गुणांनी पास. तव्यावर एक बाजू भाजून भाकरी निखाऱ्यांपुढे उभी केली की कोरडी, सगळीकडून सारखी धग लागते. गॅसच्या ज्योतीत जळताना पाण्याची वाफही तयार होते, निखाऱ्यात ती जवळजवळ नसते. त्यामुळे पापुद्रा सुटा होतो, ठिपके पडतात आणि गार झाल्यावरही भाकरी लगेच चामट होत नाही. टेबलावरून ताडून बघायला सोपं आहे. भाकरी मोडताना पापुद्रा आणि गाभा वेगळे झाले पाहिजेत.

हॉटेलात चूल दर्शनी भागात, दाराशीच मांडलेली असेल तर एवढं बघावं: वरच्या पातेल्याच्या बुडाला काजळी आहे का, की फक्त ऊब धरण्यासाठी स्टीलचं चकचकीत भांडं वर ठेवलंय? बाहेरून मातीचा किंवा राखेचा लेप दिलेलं भांडं असेल तर समजावं की घासणाऱ्याला काजळीची काळजी आहे, म्हणजे चूल खरी आहे. लेपही नाही आणि काजळीही नाही, तर चूल शोभेची.

‘झणझणीत’ हा शब्द वाईट नाही, पण त्यात चार वेगळ्या गोष्टी एका पोत्यात कोंबल्या आहेत. जिभेला लागणारा तिखटपणा, डोळ्यांना दिसणारा लाल रंग, कच्च्या लसणाचा नाकात जाणारा झणका, आणि लवंग-मिरीची छातीत उतरणारी ऊब. या चारही गोष्टी वेगवेगळ्या जिनसांतून येतात आणि एक वाढली म्हणून दुसरी वाढत नाही. ब्याडगी मिरचीचा रंग गडद आणि तिखटपणा बेताचा. लवंगी मिरची चणीला बारीक आणि जिभेला जाळ. संकेश्वरी या दोहोंच्या मधली. लालभडक कट बघून ‘बाप रे, झणझणीत’ लिहिणारा बहुतेक वेळा ब्याडगीच्या रंगाचं परीक्षण करत असतो.

तिखटपणा ही मुळात चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, रिसेप्टरला) चाळवतं, तोच ग्राहक सुमारे ४३ अंशांवरच्या उष्णतेनंही जागा होतो. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. याचा मिसळीपुरता अर्थ असा की तोच कट वाफाळता असताना जास्त तिखट लागतो आणि कोमट झाल्यावर सौम्य. ‘पहिल्यांदा तिखट लागली, नंतर सवय झाली’ असं लिहिलेलं दिसतं, त्यात सवयीइतकाच वाटा कट निवण्याचा असतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी ढोसून उपयोग नाही. दह्यातलं केसिन आणि स्निग्धांश त्याला उचलून नेतात. नाशिककडे मिसळीबरोबर दह्याची वाटी येते ती शोभेला नव्हे. दही कालवून खाल्लेल्या मिसळीला ‘झणझणीत’चे गुण देताना निदान तसा उल्लेख असावा.

तवंग, तर्री, कट, सॅम्पल. गावागणिक नाव आणि थोडाफार अर्थ बदलतो, आणि परीक्षणात हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यात काय बघायचं ते कृतीतून नीट कळतं, म्हणून चार माणसांचं प्रमाण देतो. १५० ग्रॅम कोरडी मटकी आठ तास भिजवून, बारा-पंधरा तास फडक्यात बांधून मोड आणायचे; वजन दुपटीहून जास्त होतं. दोन मोठे कांदे कडा काळसर होईपर्यंत भाजायचे, ४० ग्रॅम सुकं खोबरं बदामी भाजायचं, दहा-बारा लसूण पाकळ्या आणि बोटभर आलं घालून कमीत कमी पाण्यात बारीक वाटायचं. १०० मिली तेलात हे वाटण मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं, कडेनं तेल सुटेपर्यंत परतायचं. मग आच अगदी कमी करून दोन टेबलस्पून कांदा-लसूण मसाला आणि एक टेबलस्पून ब्याडगीची पूड घालायची. वीस-तीस सेकंद परतायचं आणि लगेच सव्वा लिटर उकळतं पाणी. वेगळी उकडलेली मटकी आणि मीठ घालून, झाकण अर्धं उघडं ठेवून वीस मिनिटं मंद उकळी. शेवटी आच बंद करून दहा मिनिटं हात लावायचा नाही. तेल वर येतं ते या दहा मिनिटांत.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. पूड कडकडीत तेलात पडली की क्षणात करपते आणि तवंग लाल न राहता तपकिरी, कडसर होतो. गार पाणी ओतलं की कढणारा मसाला एकदम थंड पडतो आणि तेल सुटायला वेळ लागतो. खोबरं जास्त किंवा बेसन लावलेलं असेल तर तेल रश्शातच मिसळून राहतं आणि कट दाट, फिकट होतो. वाटण कच्चं राहिलं तर कांद्याचा उग्र गोडसर वास शेवटपर्यंत येतो, आणि तो दडवायला वरून मिरची वाढवली जाते. अशा मिसळीला ‘झणझणीत’ म्हणून कौतुक मिळतं, खरं तर तिला ‘कच्चट’ म्हणायला हवं. गर्दीच्या वेळी पातेलं सतत खळखळा उकळत ठेवलं तरी तवंग मोडतो. म्हणून बरीच चांगली हॉटेलं तर्री वेगळी फोडणी करून ठेवतात आणि वरून पळीभर सोडतात. ती लबाडी नाही.

लबाडी ओळखायची तर तवंग चमच्यानं बाजूला सारून खाली बघावं. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून चांगल्या कटात वर लाल आणि खाली विटकरी-तपकिरी, मसाल्याचे कण असलेला रस्सा असतो. खालचं पाणीही सरबतासारखं नितळ लाल असेल तर रंग घातल्याची शंका घ्यायला जागा आहे. थंडीच्या दिवसांत वाटी निवल्यावर तवंग पांढुरका गोठू लागला तर त्यात वनस्पती तूप किंवा पामतेल असू शकतं.

‘झणझणीत’ या शब्दाचा निकाल: ठेवावा, पण एकटा ठेवू नये. ‘लवंगीचा जाळ, लसूण कच्चा, रंग बेताचा’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला जायचं की नाही ते ठरवता येतं. पोटाचा त्रास असलेल्याला तर हे ठरवावंच लागतं.

‘गावरान’ मिसळीला का लावतात हे एक कोडंच आहे, मटकीत गावरान आणि ब्रॉयलर असा भेद अजून तरी नाही. हा शब्द कोंबडीचा. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जाते, देशी कोंबडीला तेवढं व्हायलाही महिने लागतात आणि पुष्कळदा होतच नाही. हाडं टणक, मांस घट्ट, चरबी पिवळसर, आणि शिजायला ब्रॉयलरच्या दुपटीहून जास्त वेळ. ब्रॉयलर वीस-पंचवीस मिनिटांत होते, तिथे हिला तासभर धरावा. दहा मिनिटांत ताटात आलेली गावरान कोंबडी आधी उकडून ठेवलेली असते किंवा गावरान नसते. या दोहोंच्या मध्ये वनराज, ग्रामप्रिया, गिरिराज असे सुधारित पक्षी आहेत. अंगणात वाढतात, रंगीत पिसांचे असतात आणि ‘गावरान’ म्हणून विकले जातात. खायला त्यात काही वाईट नाही, पण दर देशीचा लावू नये. टेबलावरची खूण म्हणजे मांडीचं हाड. ब्रॉयलरचं दातांनी सहज चिरडतं आणि टोक भुसभुशीत असतं, देशीचं तसं नमत नाही. तपकिरी कवचाचं अंडं म्हणजे गावरान हा समज तर सोडूनच द्यावा. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर आणि बलकाचा रंग तिच्या खाण्यावर ठरतो.

‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘ओरिजिनल’ यांच्याकडे निदान कायद्याचं लक्ष गेलं आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे जाहिरात व दाव्यांबद्दलचे २०१८ चे नियम आहेत. त्यांत नैसर्गिक, ताजं, शुद्ध, पारंपरिक, ओरिजिनल या अर्थाच्या इंग्रजी शब्दांना अटी घातल्या आहेत. ‘शुद्ध’ म्हणायचं तर एकाच घटकाचा पदार्थ, त्यात दुसरं काही घातलेलं नको. ‘पारंपरिक’ म्हणायचं तर कृती पिढ्यानपिढ्या चालत आलेली आणि फारशी न बदललेली हवी. हे शब्द ब्रँडच्या नावातच असतील आणि दिशाभूल होत असेल, तर ‘हे केवळ नाव आहे, मालाचं स्वरूप नव्हे’ अशा अर्थाची सूचना किमान ३ मिलिमीटरच्या अक्षरांत छापावी लागते. मसाल्याचं पाकीट उलटं करून ही ओळ शोधणं हा चांगला विरंगुळा आहे.

‘अस्सल’ला खरा अर्थ आहे तिथे भौगोलिक मानांकनामुळे आहे. कोकणच्या हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतला हापूसच त्या नावावर हक्क सांगू शकतो. इथे ‘अस्सल’ म्हणजे एक सीमारेषा आहे, नकाशावर दाखवता येते. मिसळीला अशी सीमारेषा नाही. पुण्याकडे तिच्यात पोहे आणि बटाट्याची भाजी जाते, कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याचा कट आणि पावाऐवजी ब्रेडच्या कापा, नाशकात काळा मसाला आणि पापड. यातली अस्सल कुठली यावर भांडायचं तर भांडावं, वेळ छान जातो. पण परीक्षणात ‘अस्सल’ऐवजी ‘पोह्यांची’ किंवा ‘काळ्या मसाल्याची’ लिहिलं तर फार तर दोन-चार अक्षरं जास्त लागतात आणि भांडण मिटतं.

‘आजीच्या हातची चव’ या शब्दप्रयोगाला नापास करताना कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. आज्यांतही मीठ विसरणाऱ्या होत्याच. या वाक्याआड तंत्रातला एक खरा फरक असू शकतो, तो म्हणजे पाटा-वरवंटा. पाट्यावर अगदी थोड्या पाण्यात वाटण गुळगुळीत होतं. मिक्सरमध्ये पातं फिरावं म्हणून पाणी जास्त घालावं लागतं, मग ते आटेपर्यंत वाटण परतलं न जाता उकडत राहतं. हॉटेलात पाटा वापरत असतील तर तसं लिहावं, आजीला मध्ये आणू नये.

‘तोंडात विरघळणारं’ हे श्रीखंडाला, पेढ्याला, लोण्याला चालेल, कारण त्यातलं स्निग्ध तोंडाच्या उष्णतेनं खरंच वितळतं. मटण विरघळत नाही. विरघळलं तर बहुधा कच्च्या पपईचा हात सढळ झालेला असतो. किलोभर मटणाला एक-दोन टेबलस्पून पपईची पेस्ट आणि अर्धा-पाऊण तास पुरे. त्यापुढे बाहेरचा थर पिठासारखा भुसभुशीत होतो आणि आतला तसाच राहतो. चांगल्या मटणाला दातांनी थोडं काम करावं लागतं.

या चलनी शब्दांवरचा खरा राग त्यांच्या पोकळपणापेक्षाही दुसऱ्याच कारणानं येतो. त्यांनी नेमके शब्द हुसकावून लावले. ‘क्रिस्पी’ आल्यापासून ‘कुरकुरीत’ आणि ‘खुसखुशीत’ एकच झाले. कुरकुरीत म्हणजे पाणी निघून गेलेलं, दातांखाली आवाज करणारं: पापड, शेव, कांदाभजीच्या कडा. खुसखुशीत म्हणजे मोहनामुळे पिठाला ताण न धरू दिलेला, दाबताच भुगा होणारा पदार्थ: शंकरपाळी, करंजीचं कवच. चकलीला दोन्ही हवं असतं, म्हणून ती अवघड. एक वाटी भाजणीला साधारण एक टेबलस्पून कडकडीत मोहन. कमी पडलं तर चकली कडक होते आणि दाताला लागते, जास्त झालं तर तेलात सोडल्यावर विरते. ‘सुपर क्रिस्पी चकली’ असं वाचून यातलं काय झालं ते सांगता येईल का?

रश्शाच्या दाटपणाला तर किती शब्द! पळीवाढी आमटी, सरसरीत पिठलं, मिळून आलेलं वरण, पाणचट सार. भात मोकळा, फडफडीत, आसट, गुरगुट्या. बिघडलेल्या पदार्थाला वातड, चामट, गिच्च, खवट, सादळलेलं. यातला प्रत्येक शब्द म्हणजे आचेची, पाण्याची किंवा वेळेची एकेक नोंद. फरसाण ‘सादळलेलं’ असं एका शब्दात लिहिलं की डब्याचं झाकण उघडं राहिलं होतं हे कळतं. ‘क्वालिटी थोडी ऑफ वाटली’ या चार शब्दांत तेही कळत नाही.

‘हिडन जेम’बद्दल एवढंच: लिहून प्रसिद्ध केलं की तो हिडन राहत नाही, आणि पुढच्या रविवारी तिथे रांग असते. रांगेमुळे पातेलं सतत खळखळत राहतं आणि तवंग मोडतो, ते वर आलंच आहे.

राहता राहिला पाव, तोही ‘लुसलुशीत’. हा शब्द खरा आहे, फक्त त्याला घड्याळ लावायला हवं. पहाटेची लादी सकाळी सातला लुसलुशीत असते. नंतर पावातला स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट होतो, आणि फ्रिजमध्ये ठेवलेल्या पावात हे सगळ्यात वेगानं घडतं. गरम केला की तो तात्पुरता मऊ होतो, म्हणून कालचा पावही तव्यावरून आला की पहिले दोन घास फसवतो. तिसऱ्या घासापर्यंत तो निवतो आणि मोडताना कोरडा चुरा पडतो. म्हणून पाव सुरुवातीला एक आणि शेवटी एक, असा दोनदा तपासावा. परीक्षणात वेळही लिहावी: सकाळी साडेसात, की दुपारी दीड.